नामसिमरन सुरू करायचंय? पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते सगळं

गुरुद्वाऱ्यात एकदोनदा जाऊन आलात, कीर्तन आवडलं, लंगर तर आवडलंच, आणि आता मनात येतंय की ही माणसं डोळे मिटून वाहेगुरू वाहेगुरू करत बसतात ते नक्की काय असतं आणि आपल्याला जमेल का, तर हे तुमच्यासाठी आहे. मी हरिपाठाच्या घरातला. नोकरीपायी लुधियानाला गेलो आणि शेजारच्या बीजींच्या (वडीलधाऱ्या बाईंना तिकडे बीजी म्हणतात) मागे मागे पहाटे गुरुद्वाऱ्यात जायला लागलो. तेव्हा मराठीत सलग असं काही मिळेना, हिंदीत जे होतं त्यात अर्ध्या गोष्टी वाचणाऱ्याला माहीतच आहेत असं धरलेलं, आणि यूट्यूबवर दहा जण दहा पद्धती सांगत होते. म्हणून एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकतोय.

पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच: यासाठी शीख व्हावं लागतं का? नाही. अमृत छकणं, म्हणजे खालसा दीक्षा घेणं, ही वेगळी गोष्ट, ते पंज प्यारे (दीक्षा देणारे पाच जण) देतात, त्याच्यासोबत पाच ककार (केस, कंगवा, कडं, कच्छा, कृपाण), नितनेम (रोजचा ठरलेला पाठ), रहित (आचारनियम) असं सगळं आयुष्यभर पाळायचं येतं. नाम जपायला मात्र परवानगी, फॉर्म, फी, दीक्षा काही लागत नाही. गुरू ग्रंथ साहिबात गुरूंच्या बाणीसोबत (बाणी म्हणजे त्यांच्या रचना) कबीर, रविदास, शेख फरीद यांचीही बाणी आहे आणि आपल्या नामदेवांचे तर ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत, त्यामुळे तिथे आपण परके बिरके काही नसतो.

जवळ काय काय ठेवायचं

- डोकं झाकायला मोठा रुमाल किंवा ओढणी. खिशातला हातरुमाल घसरतो आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. टोपी चालेल का असं विचारतात, बऱ्याच गुरुद्वाऱ्यांत नको म्हणतात, रुमालच घ्या.
- बसायला चटई किंवा सतरंजी. गुडघे दुखत असतील तर खुर्ची, त्यात कमीपणा काही नाही.
- नितनेमाचा गुटका साहिब, म्हणजे रोजच्या बाण्यांची छोटी पोथी. गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानात देवनागरीतली मिळते. दुकानात पूर्ण नाव घ्या, नुसतं ‘गुटका द्या’ म्हणालात तर महाराष्ट्रात काय होईल ते सांगायला नको.
- फोनवर ‘सुंदर गुटका’ नावाचं फुकट ॲप. अर्थ शोधायला ‘सिखी टू द मॅक्स’.
- घरात एक स्वच्छ, जराशी उंच जागा, पोथी ठेवायला.
- टायमर. मोजायचं मशीन नको, का ते पुढे येईल.

अगरबत्ती, नारळ, कलश, दिवा यातलं काही लागत नाही. आपल्या हाताला सवय असते म्हणून पोथीपुढे फूल-निरांजन मांडावंसं वाटतं, पण पाठासोबत कुंभ, जोत, नारळ ठेवणं हे ‘सिख रहित मर्यादे’त, म्हणजे शिखांच्या अधिकृत आचारसंहितेत, सरळ मनमत म्हटलंय, म्हणजे गुरूच्या नाही तर आपल्या मनाच्या मतानं चाललेलं.

१. आधी नाम म्हणजे काय ते डोक्यात बसवा

शीख मार्गाचे तीन पाय सांगतात: नाम जपना, किरत करनी, वंड छकना. नाव घ्या, कष्ट करून कमवा, वाटून खा. यातला पहिला एकटाच उचलून बाकीचे दोन सोडले की ते नुसतं रिलॅक्सेशन होतं, आणि त्यासाठी इतर भरपूर ॲपं आहेत. स्वतः गुरू नानक (जन्म १४६९) आधी सुलतानपूर लोधीला मोदीखान्यात नोकरी करत होते, धान्य तोलून द्यायची, आणि आयुष्याची शेवटची वर्षं करतारपूरला त्यांनी शेती केली. गुहेत जाऊन बसा असं ते कुणालाच सांगत नाहीत, उलट त्यांची बाणी राखेची पुटं फासून घर सोडणाऱ्या जोग्यांची चांगलीच फिरकी घेते.

सिमरन म्हणजे आठवण, स्मरण. तोंडानं शब्द घेणं हा जप. जप करता करता ज्याचं नाव घेतोय त्याची आठवण टिकून राहणं हे सिमरन. सुरुवात जपानंच होते, त्यामुळे आपलं नुसतंच तोंड चाललंय असं वाटून खट्टू होऊ नका. आणि हे कशासाठी करायचं, तर हउमै जावी म्हणून, म्हणजे हे सतत मी, माझं, मला जे चालू असतं ते. जुने शीख कवी भाई गुरदास यांनी आपल्या वारेत (लांब कवितेत) हेच सांगितलंय की वाहेगुरू हा गुरुमंत्र आहे, तो जपून हउमै घालवायची. नोकरी लागावी, कोर्टाची केस सुटावी यासाठी अमुक दिवसांचा कोर्स असं यात नाही. तसं कुणी देत असेल तर सापळ्यांचा भाग आधी वाचा.

२. दोन गोष्टी पाठ करा: गुरमंतर आणि मूलमंतर

गुरमंतर म्हणजे ‘वाहेगुरू’, देवाचं नाव. लिहिताना वाहिगुरू लिहितात, बोलताना वाहेगुरू. एवढंच. यात गुप्त काही नाही, अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, रोज हजार लोकांसमोर मोठ्यानं म्हणतात.

मूलमंतर गुरू ग्रंथ साहिबाच्या अगदी सुरुवातीला आहे:

इक ओअंकार, सतनाम, करता पुरख, निरभउ, निरवैर, अकाल मूरत, अजूनी, सैभं, गुरप्रसाद.

अर्थ साधा धरा: तो एक आहे, त्याचं नाव सत्य आहे, तो करणारा आहे आणि सगळ्यात भरलेला आहे, त्याला भय नाही, वैर नाही, तो काळाच्या पलीकडचा, जन्माला न येणारा, आपला आपण असलेला, गुरूच्या कृपेनं कळणारा. बीजी म्हणायच्या की निरभउ आणि निरवैर या दोनच शब्दांवर महिनाभर बस, आज कोणाला घाबरलास आणि कोणावर दात धरलास ते बघ, पुढचं आपोआप येईल. मला हा सल्ला सगळ्या व्हिडिओंपेक्षा उपयोगी पडला.

आता उच्चार. मराठी माणूस नेमका इथेच अडतो. देवनागरी गुटक्यात ‘सति नामु’, ‘सचु’, ‘मूरति’ असं छापलेलं असतं आणि आपण प्रामाणिकपणे ‘सती नामू’, ‘सचू’, ‘मूरती’ वाचत सुटतो. शब्दाच्या शेवटी आलेल्या त्या ऱ्हस्व इकार-उकाराचं काम व्याकरणाचं असतं, म्हणताना बहुतेक वेळा ते गिळतात: सतनाम, सच, मूरत. ‘सैभं’ तिकडे ‘सैभंग’सारखं ऐकू येतं. ‘निरभउ’ जवळजवळ निर्भौ. आणि ‘अजूनी’ म्हणजे योनीत न येणारा, आपलं ‘अजुनी’ नव्हे. पुस्तकावरून पाठ करण्याआधी दरबार साहिबातल्या (अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या) एखाद्या ग्यानींचं, म्हणजे बाणीच्या जाणकाराचं, रेकॉर्डिंग लावा आणि त्यांच्यामागे म्हणा. चुकीचं एकदा पाठ झालं की ते सोडवताना फार वैताग येतो.

मूलमंतर ‘गुरप्रसाद’ला संपतो की पुढच्या ‘नानक होसी भी सच’पर्यंत धरायचा यावर वाद आहे. ऑनलाइन तर लोक हमरीतुमरीवर येतात. तुम्ही ज्या संगतीत बसाल तिथे जसं म्हणतात तसं म्हणा आणि त्या भांडणात पडू नका.

३. वेळ ठरवा

अमृतवेळा म्हणजे रात्रीचा शेवटचा प्रहर. रहित मर्यादेत लिहिलंय की शीखानं तेव्हा उठावं, आंघोळ करावी, एका अकाल पुरखाचं ध्यान करत वाहेगुरू नाम जपावं. जपजी साहिब या गुरू नानकांच्या बाणीच्या चौथ्या पौडीतही (कडव्यातही) अमृतवेळेचा उल्लेख आहे. त्या वेळेला खरंच फरक पडतो, फोन वाजत नाही, दूधवाला आलेला नसतो, डोक्यात कालचं बरंचसं विझलेलं आणि आजचं पेटलेलं नसतं.

पण कृपा करून पहिल्याच दिवशी पहाटे अडीचचा गजर लावू नका. बारापर्यंत मोबाइल बघायचा आणि अडीचला उठायचं, असं चार दिवस चालतं, पाचव्या दिवशी माणूस बसल्या बसल्या घोरतो आणि सहाव्या दिवसापासून हे आपल्याला जमणारं नाही म्हणून सोडून देतो. आधी रात्रीची झोप अलीकडे आणा. आत्ता उठता त्याच्यापेक्षा अर्धा तास लवकर, तेवढंच. शिफ्ट ड्यूटी असेल, लहान मूल असेल, तर जी वेळ रोज मिळते ती धरा. रोज तीच वेळ ठेवणं घड्याळातल्या आकड्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

आंघोळ शक्य नसेल, आजारी असाल, पाणीच नसेल, तर हात-पाय-तोंड धुतलं तरी चालतं, त्याला पंज इशनाना म्हणतात. लुधियानाच्या जानेवारीत मी याचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे.

४. प्रत्यक्ष बसायचं कसं

पहिले काही आठवडे दहा ते पंधरा मिनिटं. टायमर लावा, फोन पालथा ठेवा.

डोकं झाकून पाठ ताठ ठेवून बसा. मांडी घातली तर उत्तम, पण अमुकच आसन, अमुकच मुद्रा असा नियम नाही. दिशा कुठलीही. समोर फोटो ठेवायची गरज नाही, ध्यान शब्दाचं असतं, मूर्तीचं किंवा चेहऱ्याचं नाही. हे आपल्याला सुरुवातीला फार रिकामं रिकामं वाटतं, कारण आपल्याला समोर विठ्ठल लागतो. राहू द्या रिकामं.

आधी मूलमंतर पाच वेळा, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. मग वाहेगुरू सुरू करा, मोठ्यानं, म्हणजे शेजारी उठतील इतकं नाही पण तुमच्या कानाला नीट ऐकू येईल इतकं. आता खरं काम एकच: तोंडानं म्हणायचं आणि आपल्याच कानानं ऐकायचं. जपजी साहिबात ‘सुणिऐ’ने सुरू होणाऱ्या चार पौड्या लागोपाठ येतात, आठवी ते अकरावी, सगळ्या ऐकण्याच्या महतीवर. नंतर चार ‘मंने’च्या, म्हणजे मानण्याच्या. आधी ऐकणं मग मानणं, हा क्रम काही उगाच नाहीये.

वेग किती? एका श्वासात एक-दोनदा, आरामात. ‘वाहे’ आणि ‘गुरू’ दोन्ही पूर्ण उच्चारा, घाईत त्याचं ‘वागरू वागरू’ होतं. काही जथ्यांमध्ये श्वास आत घेताना ‘वाहे’ आणि सोडताना ‘गुरू’ असं जोरजोरात, लयीत करतात. शिखांमध्येच यावर दोन मतं आहेत. मी म्हणेन नवख्यानं घरी एकट्यानं ते करू नये, चक्कर येते, आणि ज्यांना बीपी, दमा, हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर त्या वाटेलाच जाऊ नये. साधा आवाज पुरतो.

शेवटची दोन मिनिटं आवाज बंद करून शब्द आत चालू द्या. चालला तर चालला. मग उभं राहून, हात जोडून, आपल्या भाषेत दोन वाक्यांची अरदास करा. पूर्ण अरदास पंजाबीत आहे, लांब आहे, ती हळूहळू येईल. तिचा शेवट मात्र आत्ताच पाठ करून टाका: नानक नाम चढदी कला, तेरे भाणे सरबत दा भला. सरबत म्हणजे सगळे, त्यात तुमचा तो ऑफिसातला माणूस पण आला.

५. मन पळणारच, तेव्हा काय करायचं

दुसऱ्या मिनिटाला गॅस सिलेंडरचं बुकिंग आठवतं. तिसऱ्या मिनिटाला मागच्या दिवाळीतलं भांडण, आणि त्यात आपण काय बोलायला हवं होतं त्याचा डायलॉग तयार होतो. हे सगळ्यांचं होतं, साठ साठ वर्षं बसणाऱ्यांचंही होतं. विचार हाकलायला जाऊ नका, फक्त आवाज किंचित वाढवा आणि पुन्हा ऐकायला लागा. फारच गोंधळ असेल तर वाहेगुरू थांबवून मूलमंतर घ्या, त्यात शब्द जास्त असल्यानं मनाला धरायला काहीतरी मिळतं. तेही जमेना तर पोथी उघडून वाचत बसा, वाचणंही चालतं.

विपश्यना करून आलेल्या लोकांचा इथे एक वेगळाच घोळ होतो, ते इगतपुरीची सवय म्हणून श्वास बघत बसतात आणि शब्द मागे पडतो. तिथलं तिथे. इथे शब्द हाच धागा आहे आणि त्यात प्रेम, ओढ, आळवणी सगळं चालतं, तटस्थ राहायची सक्ती नाही. रडू आलं तर येऊ द्या. काहीच वाटलं नाही तरी उठून कामाला लागा. आज काय वाटलं याची वही ठेवू नका, त्या वहीतही मीच मी असतो.

माळ घ्यावी का? काही जण लोखंडी मण्यांचा सिमरना वापरतात, काही लोकरीच्या गाठींची माळ. मनाई नाही. पण कबीरांचा एक सलोक (दोहा) ग्रंथ साहिबातच आहे, की लाकडाची जपमाळ लोकांना काय दाखवतोस, हृदयात राम आठवत नसेल तर तिचा काय उपयोग. हात रिकामा राहिला तर चुळबुळ करणाऱ्यांना माळेनं मदत होते, आकड्याचा हिशोब ठेवणाऱ्यांचं मात्र नुकसान होतं.

६. बाणी कधी आणि किती

नुसता वाहेगुरू जप काही दिवसांनी कोरडा वाटायला लागतो कारण कोणाला आठवतोय तेच धूसर असतं. ते बाणीनं भरतं. क्रम असा ठेवा.

आधी जपजी साहिब. ३८ पौड्या आणि शेवटी सलोक, सवय झाली की वीस-पंचवीस मिनिटं. सुरुवातीला रोज एकच पौडी अर्थासकट घ्या, महिना-सव्वा महिन्यात एक फेरी होईल. पहिल्याच पौडीत गुरू नानक सांगतात की लाख वेळा विचार करून तो विचारात सापडत नाही आणि गप्प बसून राहिलं तरी आतली शांतता येत नाही, म्हणजे ध्यान शिकायला आलेल्या माणसाच्या हातातली दोन्ही हत्यारं पहिल्या पानावरच काढून घेतली. विसावी पौडी माझी आवडती: हात-पाय मळले तर पाण्यानं धुतात, कपडा खराब झाला तर साबणानं, मन मळलं तर नामाच्या रंगानं.

मग रात्री झोपताना सोहिला, पाचच शबद, पाच-सात मिनिटं. संध्याकाळी रहिरास साहिब नंतर जोडा. सकाळच्या जाप साहिब आणि सवैयांची भाषा अवघड आणि चाल वेगवान आहे, त्यांची घाई नको. सुखमनी साहिब गुरू अर्जन देवांची, २४ अष्टपद्या, एका बैठकीला दीड तास धरा. तिची पहिली अष्टपदी पूर्णच सिमरनावर आहे, तेवढी सुटी वाचली तरी चालेल. रविवारी वगैरे अनेक गुरुद्वाऱ्यांत बायका मिळून सुखमनी म्हणतात, तिथे जाऊन बसलात तर चाल आपोआप येते.

गुरुमुखी शिकून घ्या असं आग्रहानं सांगेन. देवनागरी येणाऱ्याला काही आठवडे पुरतात. एकच घात लक्षात ठेवा, गुरुमुखीतला स आपल्या म सारखा दिसतो, तेवढा अंगवळणी पडेपर्यंत सगळंच विनोदी वाचलं जातं.

पोथी हाताळताना: हात धुऊन, डोकं झाकून, जमिनीवर ठेवायची नाही, वाचून झाली की रुमालात गुंडाळून उंच जागी. ॲपवर वाचणार असाल तर निदान टॉयलेटमध्ये स्क्रोल करताना उघडू नका. हसू नका, लोक करतात. आणि पूर्ण गुरू ग्रंथ साहिबाची बीड, १४३० अंगांची (पानांची), उत्साहाच्या भरात घरी आणायचा विचारही नको. तिला वेगळी खोली, रोजचा प्रकाश (विधीनं उघडणं), सुखासन (रात्री मिटून ठेवणं), सगळी मर्यादा लागते. पोथी आणि ॲप पुरे.

७. संगत शोधा

एकट्यानं फार दिवस टिकत नाही. सत्संगत कशी ओळखावी, तर जिथे एका नामाचंच बोलणं चालतं ती, असं बाणीत म्हटलंय. मुंबईत दादरला, पुण्यात कॅम्पात मोठे गुरुद्वारे आहेत, बाकी शहरांतही सापडतो. आत जाताना जोडे जोडाघरात, हात-पाय धुवा, डोकं झाका, खिशात तंबाखू-सिगारेट-गुटखा असेल तर तो बाहेरच. माथा टेकवा, मागे येऊन जमिनीवर बसा, पाय गुरू ग्रंथ साहिबाकडे पसरायचे नाहीत. अरदास सुरू झाली की उभं राहायचं, मग बसून हुकमनामा, म्हणजे ग्रंथ उघडून वाचलेला शबद, ऐकायचा. कडाह प्रसाद दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा, तुपात थबथबलेला असतो, नको असेल तर ‘थोडा जी’ म्हणा पण नाकारू नका.

पहाटेच्या सिमरनाला गेलात तर काय दिसेल ते सांगतो. दिवे मंद केलेले असतात. एक जण हार्मोनियमवर सूर धरून वाहेगुरू म्हणतो, संगत मागे म्हणते, बराच वेळ तेच. बोळक्या तोंडाचे बाबाजी शालीत गुरफटलेले, शाळेच्या स्वेटरमधली पोरं आईला टेकून पेंगतायत, कोणीतरी खोकतंय, आणि मधेच सगळ्यांचा आवाज एका पट्टीत येतो तेव्हा सतरंजीतून मांडीला कंप जाणवतो. नंतर आसा दी वार, म्हणजे पहाटे गायची बाणी, सुरू होते. ज्यांना घरी पाच मिनिटं बसवत नाही ते इथे तासभर बसतात.

बाहेरगावी असाल, जवळ गुरुद्वारा नसेल, तर अमृतसरच्या दरबार साहिबातलं कीर्तन यूट्यूबवर रोज थेट असतं आणि रोजचा हुकमनामा अर्थासकट ऑनलाइन मिळतो. तो एक शबद दिवसभरासाठी घ्यायचा, छान सवय आहे.

८. उठल्यानंतरचं सिमरन, म्हणजे खरा भाग

इथे आपले नामदेव महाराज लागतात. गुरू ग्रंथ साहिबात कबीरांच्या सलोकांमध्ये त्रिलोचन आणि नामदेवांचा संवाद आहे, अंग १३७५-७६. त्रिलोचन विचारतो, नामा, तू मायेत गुंतलास, हे कापड छापत काय बसलायस, रामात चित्त का लावत नाहीस. नामदेव उत्तर देतात: मुखानं राम घे, ‘हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि’. हातापायानं सगळं काम कर, चित्त निरंजनापाशी.

आणि ते कसं करायचं हे त्यांनी राग रामकलीतल्या शबदात (अंग ९७२) दाखवलंय. पोरगा कागद आणतो, कापून पतंग करतो, आभाळात सोडतो, मित्रांशी गप्पा मारतो पण चित्त दोरीवर. मुली घागरी भरून हसत-खिदळत येतात, चित्त घागरीत. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरात. आई बाळाला पाळण्यात निजवून आतबाहेर कामं करते, चित्त बाळात. त्या शबदातले ‘आनीले’, ‘काटीले’, ‘राखीअले’ ऐकताना मराठी कानाला घरचंच कोणीतरी बोलतंय असं वाटतं. आजच्या घरात बोलायचं तर गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलणारी बाई, तेच ते.

करायचं कसं, तर दिवसातल्या दोन-तीन हाताच्या कामांना नाम बांधून टाका, ज्यात डोकं लागत नाही अशी: भांडी, पोळ्या, जिना चढणं, लोकलची वाट बघणं, सिग्नलवर थांबणं. लंगरात हे चांगलं शिकता येतं. परशादे (पोळ्या) लाटायला बसलेल्या बायकांकडे बघा, लाटण्याच्या फेरीबरोबर वाहेगुरू चाललेलं असतं, मधेच सुनेची चौकशी, परत वाहेगुरू. वाढणारा पंगतीतून ‘परशादा वाहेगुरू’, ‘दाला वाहेगुरू’ असं म्हणत जातो. एक दिवस जोडाघरात लोकांच्या चपला लावायची सेवा करून बघा, पंधरा मिनिटं बसून जे होत नाही ते तिथे होतं. हिशोब, ड्रायव्हिंग, मीटिंग असल्या कामात मात्र पूर्ण लक्ष कामावर, सुरू करताना एकदा आणि संपल्यावर एकदा नाम घेतलं की पुरे. तोंडानं वाहेगुरू आणि बिलात दहा रुपये जास्त लावले तर किरतीचा पाय तुटला.

९. सापळे

गुप्त नाम. कानात सांगू, कोणाला बोलू नका, एवढी सेवा द्या, असं कोणी म्हणालं की उठा. १७०८ साली नांदेडला गुरू गोबिंदसिंगांनी गुरुगादी गुरू ग्रंथ साहिबाला दिली, त्यानंतर देहधारी गुरू नाही. शिकवणारा, समजावणारा जरूर असावा, ग्यानीजी असतात, एखाद्या बीजी असतात, पण ते गुरू नव्हेत.

आकडे. सव्वा लाख जप केला की अमुक होतं असलं काही. जपजी साहिबात रिद्धी-सिद्धींना दुसरीकडचा स्वाद म्हटलंय, म्हणजे वाटेवरून बाजूला नेणारा.

प्रकाश आणि आवाज. अनहद नाद (आतून आपोआप उठणारा नाद) ऐकू येतो, कपाळात उजेड दिसतो अशी वर्णनं वाचून माणूस जप सोडून उजेडाची वाट बघत बसतो. दिसलं तर दिसलं, कोणाला सांगत फिरू नका.

बॅकग्राउंडला लावून ठेवणं. दिवसभर स्पीकरवर वाहेगुरू सिमरन चालू आणि घरात कोणीच ऐकत नाही, याला सिमरन म्हणत नाहीत, फार तर घर शांत वाटतं.

औषधाऐवजी नाम. झोप उडाली आहे, जगणं नको वाटतंय, हात थरथरतायत, तर डॉक्टरकडे जा आणि सोबत नाम घ्या. एकाच्या जागी दुसरं नको.

१०. नांदेडला जाताय तर

आपल्या दारातच शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक आहे, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, आणि अर्ध्या महाराष्ट्रानं ते पाहिलेलं नाही. आत्ताची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात बांधून घेतली. रेल्वे स्टेशनचं नावच हजूर साहिब नांदेड. राहायला यात्री निवास आहेत, ओळखपत्र लागतं. होला मोहल्ला (होळीच्या सुमारासचा शीख सण) आणि दसऱ्याला तुफान गर्दी असते, सोहळा बघायला तेव्हा जा, शांत बसायचं असेल तर अधलामधला आठवडा पकडा आणि एक रात्र मुक्काम ठेवा म्हणजे पहाट मिळते. पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून येतं, सेवा होते, मग कीर्तन.

इथली मर्यादा पंजाबपेक्षा थोडी वेगळी आहे. दिव्यांची आरती होते, शस्त्रांचं दर्शन होतं, आणि वर सांगितलेली रहित मर्यादा वाचून गेलेला माणूस चक्रावतो. कोणाशी वाद घालू नका, जिथली रीत तिथे. दर्शनाची रांग पुढे सरकत राहते म्हणून बाहेर संगमरवरावर एखादा कोपरा बघून बसायचं, उन्हाळ्यात मात्र दुपारी नको, फरशी तापते.

घरी दोनतीन दिवस खाडा पडला तर भरपाईचा हिशोब करू नका. रात्री सोहिला म्हणा, गजर लावा आणि झोपा.